शाळेच्या पानाचे सात दिवस

मुलीला शाळेत घालायची म्हणून मी किती चौकशा केल्या ते विचारू नका. पाण्याची टाकी कधी धुतात, खिडक्यांना जाळी आहे का, शिपाई फाटकाशी बसतो की सावली बघून बसतो. नवरा म्हणाला, "तू शाळा बघतेयस की तुरुंग?" त्याला काय जातंय म्हणायला.

शेवटी घरापासून चार मिनिटांवरची बाबांची शाळा जवळजवळ ठरली. बाबा म्हणजे माझे सासरे. शाळा त्यांच्या मालकीची नव्हे. चौतीस वर्षं तिथे चित्रकला शिकवली, म्हणून त्यांची. फॉर्म भरण्याआधी शेवटची खात्री करावी म्हणून मी ऑनलाइन ज्ञानकोशात शाळेचं पान उघडलं, तर वर पिवळी पट्टी. 'हा लेख वगळण्यासाठी सुचवला आहे. चर्चा सात दिवस चालेल.'

मी ते मोठ्याने वाचलं, ही माझी चूक.

"वगळायचा? कोण वगळणार?" बाबा चष्मा चाचपडत बाहेर आले. "अगं, तो मी लिहिलाय!"

दोन महिने हे दुपारी मोबाइलवर एका बोटाने काय टकटक करतात, त्याचा तेव्हा उलगडा झाला. आम्ही समजत होतो, पत्ते खेळतात.

लेख वाचला आणि कपाळावर हात मारला. ज्ञानाचं पवित्र मंदिर काय, असंख्य रत्नांची खाण काय! 'येथील चित्रकला विभाग विशेष नावाजलेला होता' हेही होतंच. संदर्भ एकही नाही. ज्याने लेख वगळायला सुचवला होता त्या संपादकाचं टोपणनाव होतं 'खोडरबर'. त्याने खाली दोन ओळी लिहिल्या होत्या: शाळा अस्तित्वात असणे पुरेसे नाही. शाळेशी संबंध नसलेल्या कोणी तिच्याविषयी सविस्तर लिहून छापले असेल, तर लेख राहील.

"ऐंशी वर्षं उभी आहे शाळा. बाहेर जाऊन बघ म्हणावं."

"बाबा, शाळा आहे का, असं नाही विचारलेलं. बाहेरच्या कुणी तिची दखल घेतलीय का, ते विचारतायत."

"मी घेतली की, चौतीस वर्षं!"

"तुम्ही बाहेरचे नाही."

"निवृत्त झालोय. आता बाहेरचाच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची पेटी उतरवली. शाळेची वार्षिकं, शाळेनेच काढलेली स्मरणिका, शाळेने त्यांना दिलेलं मानपत्र, शिक्षकांचा फोटो. मी एकेक बाजूला ठेवत गेले. हे शाळेचं. हेही शाळेचंच. ते एकेक उचलून पुन्हा माझ्यासमोर ठेवत गेले. माझी साडेतीन वर्षांची पोर हा खेळ समजून टाळ्या वाजवत होती.

तिसऱ्या दिवशी कहर झाला. बाबांनी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निरोप टाकला. दुपारपर्यंत चर्चेत एकेचाळीस जण हजर, सगळ्यांची खाती त्याच दिवशी उघडलेली आणि सगळ्यांचा मजकूर अक्षरन् अक्षर एकच: 'आमची शाळा महान आहे, लेख राहू द्या. वरील मजकूर कॉपी करून तिथे चिकटवा. आपला, सर.'

"बाबा, 'कॉपी करून चिकटवा' हेसुद्धा चिकटवलंय त्यांनी."

"आज्ञाधारक बॅच होती," बाबा म्हणाले. चेहऱ्यावर चक्क अभिमान.

खोडरबरने एवढंच लिहिलं: हे मतदान नाही. संदर्भ द्यावेत. एकेचाळीस वेळा तेच वाचूनही माणूस इतका शांत कसा राहिला, देव जाणे. मी असते तर फोन भिरकावला असता.

पण त्या रात्री बाबा जेवले नाहीत नीट. ताटावरून नजर न उचलता म्हणाले, "माझी चित्रं काही कुठे लागलेली नाहीत. घरात आहेत तेवढीच. नाव राहिलं तर त्या शाळेच्या नावाबरोबर राहील, म्हणून लिहिलं गं." मग मलाच राहवेना.

पाचव्या दिवशी पोरीला त्यांच्याकडे सोपवून मी वाचनालयात गेले. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव गठ्ठे एकामागून एक चाळले. तीन तास धूळ खाल्ली आणि मिळालं. बावीस वर्षांपूर्वीचं, पहिल्या पानावर: 'शाळेच्या जिन्याचा कठडा कोसळून अकरा मुले जखमी'. पुढचे तीन दिवस बातम्याच बातम्या. चौकशी झाली होती. तिच्यानंतर भागातल्या सगळ्या जुन्या शाळांचे जिने तपासायचा हुकूम निघाला होता. खोडरबरला हवं होतं ते नेमकं हेच. बाहेरच्यांनी लिहिलेलं, सविस्तर, छापील. एका बातमीत एक ओळ होती: दोन वर्ग एकाच वेळी जिन्यावर कसे आले, हे स्पष्ट होऊ शकले नाही.

झेरॉक्स घेतल्या. घरी न जाता थेट शाळेत गेले आणि जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून हलवला.

"काय करताय, ताई?" शिपाई धावत आला.

"हलतो का बघतेय."

"लोखंडी आहे तो. तुमच्याने नाही हलायचा."

घरी येऊन झेरॉक्स बाबांसमोर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावलाच नाही.

"दुसरं काही नाही मिळालं?"

"नाही."

"मग वगळू दे लेख."

माझा पारा चढला. "बाबा, दोन महिने मी टाकीचं झाकण विचारत हिंडतेय आणि तुम्ही हे घरात बसून गिळून टाकलंत? तुमची नात जायचीय तिथे!"

"आता कठडा लोखंडी आहे."

"बघून आले."

"हलवून?"

"हलवून."

ते हसतील असं वाटलं, पण हसले नाहीत. बोट त्या एका ओळीवर ठेवलं. चष्म्याशिवाय त्यांना ती बरोबर सापडली.

"हे स्पष्ट होतं. तास माझा होता. मुलं कंटाळली होती, मीही कंटाळलो होतो. घंटेआधी पाच मिनिटं सोडला वर्ग. खालून दुसरा वर्ग वर येत होता. चौकशीत विचारलं, तेव्हा घंटा झाली होती असं सांगितलं. गलक्यात कुणाला काय आठवणार?"

पोर त्यांच्या मांडीवर चढून कागदावर रेघोट्या ओढत होती. मी तिला उचलून घेतलं. का, ते माझं मलाच कळलं नाही.

"लेख ठेवायचा तर अपघात त्यात येणार," मी म्हणाले. "तुम्हीच ठरवा. मी आता काही ठरवत नाही."

सातव्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "घाल." मी मंदिर काढलं, रत्नं काढली, तारखांसकट बातम्या घातल्या. नंतर ते स्वतः मोबाइल घेऊन खिडकीशी बसले. तास गेला. मी चर्चेचं पान उघडलं तर खाली त्यांचा मजकूर: 'त्या दिवशी मी वर्ग घंटेआधी सोडला होता. चौकशीत खोटे सांगितले. हे लेखात घालावे. चित्रकला शिक्षक.'

दुपारी निकाल लागला. लेख राहिला. चित्रकला विभागाची ओळ तेवढी गेली. बाबांसाठी वेगळं उत्तर होतं: आपण लिहिलेले लेखात घालता येणार नाही. वैयक्तिक आठवण हा संदर्भ होत नाही. कुठे छापून आले असल्यास कळवावे.

बाबांनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे मी खोटं बोललो त्याचा संदर्भ आहे आणि खरं बोलतोय त्याला नाही?"

"नियम आहे तो, बाबा."

"तुझ्या त्या खोडरबरला सांग..."

"माझा नाहीये हो तो खोडरबर!"

ते उठून आत गेले. मला वाटलं, आडवे झाले असतील. तासाभराने पाकीट घेऊन बाहेर आले. वर त्याच वर्तमानपत्राचा पत्ता होता, त्यांच्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात. "वाचकांच्या पत्रांत छापतील ना? मग झाला संदर्भ."

"बाबा, छापलं तर सगळे वाचतील. त्या अकरा मुलांचे आईवडीलसुद्धा."

"त्यांच्यासाठीच लिहिलंय. लांब झालं असेल तर काप तू. तुला सवय झालीय."

मी पत्र वाचलं. सात ओळी होत्या. कापण्यासारखा एकही शब्द सापडला नाही.

पाकीट आणि फॉर्म एकाच पिशवीत घालून निघाले. पाकीट वाटेतल्या पेटीत टाकलं. शाळेच्या कचेरीत उभ्यानेच फॉर्म पुरा केला. शेवटी 'पालकांची सूचना' असा रकाना होता. तो बहुधा सगळे कोराच ठेवतात. मी लिहिलं: कोणताही वर्ग घंटेआधी सोडू नये.

कारकुनाने वाचून मान वर केली. "आमच्याकडे असं होत नाही, ताई."

"नसेल होत," मी म्हणाले. "तरी राहू द्या लिहिलेलं."