डाव्या कानावरचे केस

आमच्या घरातलं माणूस गर्दीत ओळखायचं असेल तर त्याच्या डाव्या कानावर बघावं. तिथले केस उजवीकडच्यापेक्षा बोटभर लांब असतात. आम्हा सगळ्यांचे केस आजोबा कापायचे. सोळाव्या वर्षी हातात घेतलेली कात्री त्यांनी एक्क्याण्णवाव्या वर्षापर्यंत खाली ठेवली नाही. सत्तरीत पाय दुखतात म्हणून दुकान बंद केलं, पण आमची डोकी सोडली नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मागच्या खोलीत दुकानातली जुनी खुर्ची, गळ्याभोवती चादर आणि डाव्या अंगाला आजी. तिचं काम एकच, मध्येच "बास, पुरे आता" म्हणायचं. आजोबा निमूटपणे थांबायचे. एवढा मोठा कारागीर, पण बायकोपुढे त्याचं काही चालत नाही, म्हणून आम्ही पोट धरून हसायचो. माझ्या लग्नाच्या फोटोतही डावी बाजू तशीच आहे. बायको अजून टोमणे मारते.

त्यांना जाऊन दोन महिने झाले. शेवटचे केस त्यांनी माझे कापले होते. तेव्हापासून मी कुणाला डोक्याला हात लावू दिला नव्हता. केस कॉलरवर आले, ऑफिसात साहेबांनी दोनदा सुनावलं. शेवटी आत्याचा पारा चढला.

"उद्या लोक त्यांच्याविषयी चार शब्द बोलायला येणार आणि तू हा अवतार घेऊन उभा राहणार? नातू कुणाचा तू?"

"कापले की त्यांचा हात गेला, आत्या." एवढं बोलताना माझा आवाज फुटला. चौतीस वर्षांचा घोडा, पण फुटला.

आजी उठली. कपाटातून कात्री काढली.

"बस खुर्चीत."

"तुला येतं?"

"वीस वर्षं मी काय नुसती उभी होते? डाव्या डोळ्याने त्यांना काही दिसत नव्हतं. दुकान त्यापायी बंद केलं. पाय कसले दुखतायत."

"आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर बसला असतास?"

मी खुर्चीत जाऊन बसलो.

"तुमचे कान कापले जातील म्हणून माझा जीव खालीवर व्हायचा," ती म्हणाली. "मग मी आधीच बास म्हणायचे."

म्हणजे ती बोटभर लांबी आजीच्या धास्तीची होती. मला हसू आलं आणि डोळेही भरले. बापड्या आजोबांनी एवढी वर्षं आमची चेष्टा ऐकून घेतली.

उजवी बाजू तिने झकास कापली. मग डावीकडे आली. कात्री चार-पाच वेळा चालली.

"बास, पुरे आता," ती सवयीने म्हणाली आणि खुर्चीमागच्या रिकाम्या जागेकडे बघत थांबली. कात्री तिच्याच हातात होती.

आत्याने पुढे होऊन चादर झटकली. डावी बाजू बोटभर लांब राहिली होती. उद्या मी तशीच घेऊन उभा राहणार आहे.