नावापुरता उमेदवार

"तुला काहीही करायचं नाहीये," रॉडनी क्रॉशॉ म्हणाला. "पत्रक नाही, भाषण नाही, दारोदार हिंडणं नाही. मतदानाच्या दिवशी घरात लोळत पडलास तरी चालेल."

क्लिफ एन्टविसलनं त्याच्यापुढे चहाचा मग ठेवला. बिस्किटं मऊ पडली होती, पण रॉडनीसाठी नवा पुडा फोडावा असं काही त्याला वाटलं नाही.

"मग मला उभा तरी कशाला करतोस?"

"नाव लागतं रे. प्रत्येक वॉर्डात पक्षाचं एक नाव लागतं. नाहीतर लोकांना वाटतं, हे संपले."

"संपलोच आहोत की."

"ते लोकांना कळू द्यायचं नसतं."

"आणि निवडून आलो तर?"

यावर रॉडनी एवढा हसला की त्याला ठसका लागला. क्लिफला उठून त्याच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

"या वॉर्डात?" डोळे पुसत रॉडनी म्हणाला. "अरे, इथून डोरीन कधी आली नाही निवडून."

ते बोलून गेल्यावर त्यालाच कसंसं झालं.

"तिच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव टाकायला मन होईना माझं," तो म्हणाला.

क्लिफनं सही करून टाकली.

डोरीन म्हणजे क्लिफची बायको. गेल्या ऑक्टोबरात ती गेली. रॅम्सक्लफच्या मिल ब्रो वॉर्डातून ती वीस वर्षं प्रत्येक निवडणुकीला उभी राहिली आणि प्रत्येक वेळी पडली. गावात निवडून यायचे ते दोनच, लालवाले नाहीतर निळेवाले. तिसराही एक पक्ष होता, पण त्याचा रंग कुठला हे लोकांना आठवत नसे. डोरीन त्या पक्षाची; रॉडनी त्याचं गावातलं काम बघायचा. निवडणूक असो नसो, ती पिशवीत पत्रकं भरून चढावरच्या गल्ल्या तुडवायची. तिला कुत्री चावली, पत्रपेट्यांच्या झडपांत बोटं चेमटली, पण ती थांबली नाही. निकालाच्या दिवशी घरी यायची, बूट काढायची आणि म्हणायची, "मागच्यापेक्षा बरी पडले." क्लिफ गालिचे बसवण्याचं काम करायचा. सगळा जन्म त्यानं लोकांच्या घरात खाली मान घालून काढला होता. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून बोलणं त्याला जमायचं नाही. तो डोरीनबरोबर कधी गेला नाही.

ती गेल्यावर घरात सगळ्यात विचित्र झालं ते सकाळच्या रेडिओचं. बातम्यांत मंत्री बोलायला लागला की डोरीन त्याला जागच्या जागी उत्तर द्यायची. "खोटं बोलतोस," "हेच गेल्या वर्षी बोललास," "आधी दवाखान्यात जाऊन रांगेत बस मेल्या." क्लिफचं लक्ष टोस्टवर असायचं. आता मंत्री बोलत राहायचा आणि त्याला अडवणारं कुणी नव्हतं. क्लिफला ते सहन व्हायचं नाही. तो रेडिओ बंद करायचा.

निवडणूक जवळ आली तशी गावाला ऊत आला. देशाचं म्हणाल तर सरकार बदलून पाहून झालं होतं आणि पंतप्रधान तर नाव तोंडात बसायच्या आत बदलत होते. डॉक्टरची वेळ मिळत नव्हती, नदीत गटाराचं पाणी येत होतं, बस येईल तेव्हा येत होती. आणि ब्रॅकन स्ट्रीटवर एक खड्डा होता. तो एवढा जुना होता की लोक पत्ता सांगताना त्याची खूण सांगायचे. लालवाल्यांचा ग्रिमशॉ, जो आधीपासूनच नगरसेवक होता, खड्ड्याकडे बोट दाखवत, कपाळाला आठ्या घालून फोटो काढून गेला. दुसऱ्या दिवशी निळेवाल्यांच्या हॅलिवेलबाई आल्या. त्यांनीही बोट दाखवलं, आठ्या घातल्या. दोन्ही पत्रकं एकाच दिवशी लोकांच्या दारात पडली. दोन्हींत खड्डा ठळक आला होता.

"फोटो काढायला आले तेव्हा एक फावडं आणलं असतं तर?" शब्बीरच्या दुकानात मिसेस पिकप म्हणत होत्या. शर्ली पिकप ब्रॅकन स्ट्रीटलाच राहायच्या, खड्ड्याच्या बरोबर समोर. "तो ग्रिमशॉ माझ्या दारात आला. चार वर्षांनी. म्हणतो कसा, साहेब कसे आहेत? माझा ब्रायन जाऊन सहा वर्षं झाली. मी म्हटलं, मजेत आहेत, तुमचीच वाट बघतायत, जाऊन या."

शब्बीर हसला. क्लिफ मागे पाव घेऊन उभा होता.

"मग मत कुणाला देणार?" शब्बीरनं विचारलं.

"ज्यानं माझ्या दारात कागद टाकला नाही त्याला."

"तसा एकच आहे." शब्बीरनं हनुवटीनं क्लिफकडे दाखवलं. "हे काय, उभेच आहेत."

क्लिफच्या हातातला पाव दबला.

"मला नका देऊ, शर्ली," तो घाईघाईनं म्हणाला. "नुसतं नाव आहे ते. मी काही करणार नाहीये."

"करत तर कुणीच नाही, राजा," मिसेस पिकप म्हणाल्या. "तू निदान आधी सांगतोस."

क्लिफनं घरी येऊन रॉडनीला फोन लावला. रॉडनी म्हणाला, दुकानातल्या बोलण्यावर जाऊ नकोस, बोलतात त्यातले निम्मे मतदानाला जातच नाहीत. पण क्लिफला चैन पडेना. पुढच्या दिवसांत भेटेल त्याला तो सांगत सुटला. लायब्ररीत सांगितलं, पबमध्ये सांगितलं, केस कापताना मान हलवू नका म्हटलं तरी न्हाव्याला सांगितलं, की मला मत देऊ नका, मला त्यातलं काही कळत नाही. आयुष्यात तो एवढ्या माणसांशी कधी बोलला नव्हता. लोक मान डोलवायचे, कुणी पाठीवर थाप मारायचं. पबमधला एक म्हातारा तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "पन्नास वर्षं मत देतोय. खरं बोललेला पहिला तू."

मतमोजणी शुक्रवारी सकाळी खेळाच्या हॉलमध्ये होती. क्लिफ जाणार नव्हता, पण अकराच्या सुमारास रॉडनीचा फोन आला. त्याचा आवाज बदललेला होता.

"क्लिफ, येऊन जा रे जरा."

"का?"

"ये तर. आणि कोट घालून ये."

हॉलमध्ये बॅडमिंटनच्या रेघांवर टेबलं मांडली होती. मतपत्रिकांचे तीन गठ्ठे होते. क्लिफनं सगळ्यात लहान गठ्ठ्याकडे पाहिलं आणि त्याला हायसं वाटलं. तो हॅलिवेलबाईंचा निघाला.

निवडणूक अधिकारी शंका असलेल्या मतपत्रिका एकेक करून उमेदवारांना दाखवत होते. तशी पद्धतच आहे, काय बाद आणि काय ग्राह्य हे सगळ्यांसमोर ठरतं. पहिल्या मतपत्रिकेवर कुणीतरी तिन्ही नावांवर काट मारून खाली लिहिलं होतं, "सगळे एका माळेचे." बाद. दुसरीवर नुसताच खड्ड्याचा नकाशा काढला होता. बाद. तिसरीवर ग्रिमशॉच्या नावापुढे एक शिवी होती, हॅलिवेलबाईंच्या नावापुढे तीच शिवी जरा मोठ्या अक्षरात, आणि क्लिफच्या चौकटीत लिहिलं होतं, "हा निदान घरी बसतो."

अधिकाऱ्यांनी चष्मा वर सरकवला. "मतदाराचा कल स्पष्ट आहे," ते म्हणाले. "एन्टविसल यांना ग्राह्य."

"हरकत आहे माझी," क्लिफ म्हणाला.

"कशाला?"

"मला मिळालेल्या मताला."

अधिकाऱ्यांनी सबंध नोकरीत अशी हरकत ऐकली नव्हती. त्यांनी सहायकाला विचारलं, सहायकानं नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात उमेदवारानं स्वतःच्याच मताला हरकत घेतल्यास काय करावं हे दिलेलं नव्हतं.

मग निकाल वाचून दाखवला. क्लिफ निवडून आला होता, आणि काठावर नाही, चांगला घसघशीत. रॉडनी खुर्चीत बसून राहिला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता की भीती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ग्रिमशॉ येऊन हात मिळवून गेला.

"डोकं लावलंत हं," तो हळूच म्हणाला. "कुणी सुचवलं हे? लंडनचा सल्लागार आणला होतात?"

क्लिफचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. अधिकाऱ्यांनी वाचलेला आकडा त्याच्या डोक्यात घुमत होता. डोरीनला एकदाही त्याच्या निम्मी मतं पडली नव्हती.

त्याला माईकपुढे उभं केलं. निवडून आलेल्यानं दोन शब्द बोलायचे असतात. क्लिफनं माईक हातात घट्ट धरला.

"माझी बायको वीस वर्षं तुमच्याकडे मतं मागत होती," तो म्हणाला. "तुम्ही दिली नाहीत. मी देऊ नका म्हणून सांगत फिरलो, तर मला दिलीत. तुम्हाला लाज वाटायला पाहिजे."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मतं मोजणाऱ्या बायकाही उभ्या राहिल्या. स्थानिक वर्तमानपत्राची बातमीदार शेजारच्याला म्हणाली, "काय बोलला. हाच हवा होता आपल्याला."

गावातले सगळे पुढाऱ्यांवर चिडले होते. क्लिफ मतदारांवर चिडला. घरी येताना ओळखीच्यांनी गाडीतून भोंगे वाजवले, त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. रॉडनीनं जाताना सांगितलं होतं की नगरसेवकपद स्वीकारल्याची सही दोन महिन्यांत करायची असते, नाही केली तर जागा रिकामी होते. क्लिफनं ठरवलं, सही करायची नाही. जिची जागा होती तिला ती मिळाली नाही. आता त्या जागेवर तो बसणार नव्हता. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं झालं असतं ते.

शनिवारी सकाळी दारावर थापा पडल्या. मिसेस पिकप होत्या. अंगावर रेनकोट आणि चेहऱ्यावर राग.

"माझ्या मागच्या अंगणात गटार तुंबलंय. गुडघ्याएवढं नसेल, पण घोट्याएवढं आहे. काल दिवसभर वाट बघितली तुझी."

"काल तर निकाल लागला, शर्ली."

"तेच म्हणते मी. निवडून आलात की दिसत नाही. सगळे सारखेच तुम्ही."

क्लिफला इतका राग आला की त्याचा बोलण्याचा संकोचही गेला.

"मी सही करणार नाहीये," तो म्हणाला. "सोडतोय मी. बघा तुमचं तुम्ही."

मिसेस पिकपांचा चेहरा पडला. "म्हणजे परत निवडणूक? परत ते दोघं माझ्या खिडकीसमोर बोट दाखवत उभे राहणार? असं करू नकोस रे."

"डोरीन उभी राहायची तेव्हा तुम्ही कुणाला मत द्यायचात? खरं सांगा."

त्यांनी रेनकोटचं बटण उगाच काढलं, परत लावलं.

"डोरीनला नाही दिलं," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही."

"का? काय वाईट होतं तिच्यात?"

"वाईट काय असणार? दर दोन महिन्यांनी यायची. चहा घ्यायची. ब्रायन आजारी होता तेव्हा त्याच्यापाशी बसायची, त्याच्या त्या कबुतरांच्या गोष्टी ऐकायची. मी शंभरदा ऐकलेल्या. गटारही तिनंच दोनदा नगरपालिकेत ओरडून साफ करून घेतलं होतं." त्यांनी नाक पुसलं. "आम्ही गल्लीतल्या बायका बोलायचो आपसांत. म्हटलं, ही निवडून आली तर यायची बंद होईल. निवडून आलेलं कुणी येतं का परत? पडली की पुढच्या वेळेसाठी येणार म्हणजे येणार. म्हणून नाही दिलं."

ओरडावं की हसावं, क्लिफला कळेना. वीस वर्षं ही बाई आणि तिची गल्ली डोरीनला पाडत होती, आणि डोरीन मेल्यावर तिची आठवण काढून रेनकोटच्या बाहीला नाक पुसत होती.

"तिला सांगायचं तरी होतंत," तो शेवटी म्हणाला.

"असं सांगतात का कुणाला," मिसेस पिकप म्हणाल्या.

सोमवारी क्लिफ टाउन हॉलमध्ये गेला आणि सही करून आला. कारकून बाईंनी अभिनंदन केलं, खोलीची किल्ली दिली आणि सांगितलं, इमेलचा पासवर्ड चालत नाहीये, गेल्या नगरसेवकांचाही कधी चालला नाही. गटाराचं कुणाला सांगायचं असं त्यानं विचारलं. तीन खोल्यांत फिरवून त्यांनी त्याला परत पहिल्या खोलीत आणून सोडलं. तिथे तो बसूनच राहिला. कुलूप लावायची वेळ झाली तेव्हा एक गृहस्थ कंटाळून म्हणाले, बरं, पाठवतो माणूस.

तिथून तो घरी न जाता ब्रॅकन स्ट्रीटला गेला. मिसेस पिकपना सांगितलं. चहा नको म्हणाला, मग घेतला. बाहेर आल्यावर तो निघाला होता, पण गल्लीच्या टोकाकडे बघून थांबला. दोन्ही बाजूंना दारं होती, आणि मत मागण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तो पहिल्या दाराशी गेला आणि त्यानं बेल दाबली.

आत टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला. बाईमाणसाचा आवाज आला, "बघ गं कोण आहे. नगरपालिकेचं कुणी असेल तर आपण घरात नाही म्हण."

दार उघडलं. सात-आठ वर्षांची मुलगी होती, एका पायात मोजा, एक पाय उघडा.

"आई म्हणते, आम्ही घरात नाही," ती म्हणाली.

"बरं," क्लिफ म्हणाला. "मी थांबतो."

मुलगी सांगायला आत पळाली. दार उघडंच होतं. क्लिफ पायरीवर उभा राहिला. हात खिशात घातले, ते उर्मट वाटले म्हणून काढले. पुढे धरले तर काही मागायला आल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच्या दारात उभं राहून हात कुठे ठेवायचे असतात, हे डोरीनला विचारायचं राहून गेलं होतं. शेवटी त्यानं ते पाठीमागे बांधले आणि तो आतून कुणी येण्याची वाट बघू लागला.