खडूची फुली

"देवानं हिला हात दोन दिलेत खरे, पण दोन्ही डावेच दिलेत की काय कोण जाणे!"

तोंडात टाचण्या धरून वहिनी पुटपुटली. पुटपुटली ती स्वतःशीच. पण ट्रायल रूमचा पडदा तो केवढासा, आणि पडद्याला पाठ टेकून काजं करत बसलेली नणंद ती किती लांब असणार! शब्द न् शब्द पोचला. टाचण्या वहिनीच्या तोंडात होत्या आणि टोचल्या मात्र पडद्याबाहेर.

नणंदेला सगळे भिंगरी म्हणायचे. लहानपणी हे नाव लाडानं पडलं होतं, कारण ती एका जागी ठरायचीच नाही. पुढे ती मोठी झाली, चाळिशीला टेकली, केसांत रुपेरी तारा आल्या. नाव तेच राहिलं, त्यातला लाड तेवढा कुठेतरी गळून पडला.

वहिनीचा राग काही खोटा नव्हता. तिच्या हातात वकीलबाईंचा काळा कोट होता. कोटाचं अंग असं सुरेख बेतलेलं की बघत राहावं. उजवी बाही लावायला घेतली तेव्हा लक्षात आलं की ती उजवी नाहीच. दोन्ही बाह्या डाव्या!

शिवणकाम न करणाऱ्यांना हे विचित्र वाटेल, म्हणून सांगते. कापड बेताचं असलं की दुहेरी घडी घालून कापता येत नाही, बाह्या एकेक सुट्या कापाव्या लागतात. एक कापून झाली की कागदाचा साचा पालथा घालायचा आणि मग दुसरी कापायची. साचा पालथा घालणं हे काम श्वासभराचं. त्या श्वासात भिंगरीचं लक्ष रस्त्यावरून गेलेल्या एका निळ्या साडीच्या काठाकडे गेलं होतं. काठ फार छान होता. बाही गेली.

त्यात दुःख असं, की कात्री तिच्या हातात आली होती ती कित्येक वर्षांनी.

दुकान तिच्या वडिलांचं. त्यांना सारं गाव मास्तर म्हणायचं. पोरवयात भिंगरीनं एका गिऱ्हाइकाची विजार गुडघ्याखाली आखूड कापली, दुसऱ्याच्या सदऱ्याला खिसा पाठीवर ठेवला, तेव्हा मास्तरांनी कात्री तिच्या हातातून काढून घेतली. "तू काजं कर, बटणं लाव. कात्रीला हात लावायचा नाही," म्हणाले. मधल्या काळात तिनं बाहेर नोकऱ्या करून पाहिल्या. एका ठिकाणी गिऱ्हाइकाला फोनवर थांबायला सांगितलं आणि तशीच जेवायला गेली, दुसऱ्या ठिकाणी दर सोमवारी उशीर. लग्नाचं बोलणं दोनदा लागलं, दोनदा फिसकटलं. फिरून ती पुन्हा काजांवर आली.

पण जीव अडकला होता कात्रीत. ती जड काळी कात्री, मुठीशी झिजून गुळगुळीत झालेली. कापायच्या टेबलाजवळून जाताना भिंगरी तिच्यावरून नुसतं बोट फिरवायची, कुणी झोपलेल्या मांजरावरून फिरवावं तसं. इतरांना वाटायचं, हिचं चित्त कशात म्हणून नसतं. तसं नव्हतं. कापड पसरलं आणि कात्रीचा पहिला करकर आवाज आला की तिच्या डोक्यातला सगळा बाजार एकदम उठून जायचा. भूक लागली तरी कळायचं नाही, कुणी हाक मारली तरी ऐकू यायचं नाही. तेवढीच काय ती तिच्या आयुष्यातली शांतता. आणि तीच कुलपात!

त्या टेबलाशी तिला आई आठवायची. मास्तर कापायचे, आई शेजारी उभी राहून मापं मोठ्यानं सांगायची, आणि प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूनं एक छोटी फुली मारायची. आईच्या बोटांना कायम पांढरा खडू लागलेला असायचा. शिंप्याकडे तशी रीतच असेल, असं भिंगरीला वाटायचं. आई गेली, त्यानंतर मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "डोळे साथ देत नाहीत," म्हणाले. कापायचं काम दादाकडे आलं. दादाला फुली लागत नाही. तो न बोलता, न चुकता कापतो.

परवा दादा तापानं अंथरुणाला खिळला, कोटाची घाई होती, आणि भिंगरीनं वहिनीचे पाय धरायचे बाकी ठेवले. "एकदाच, वहिनी. फक्त एकदा." काम नसलं की दादा कात्री कपाटात ठेवायचा, त्याची किल्ली वहिनीनं गुपचूप दिली. म्हणून तर आता टाचण्यांआडून ती एवढी कडवट झाली होती!

"अगं, सांगणार काय आता त्यांना?" पडदा सारून वहिनी म्हणाली. "वकील आहेत त्या. कोर्टात उभं करतील आपल्याला."

"खरं ते सांगू."

"खरं सांग की! म्हणावं, आमच्या भिंगरीला निळा काठ दिसला."

तेवढ्यात वकीलबाई आल्याच. उंच, दणकट, पन्नाशीच्या, एका हातात दोन पिशव्या आणि चष्मा डोक्यावर ठेवून पर्समध्ये चष्मा शोधणाऱ्या. वहिनीनं चाचरत हकीकत सांगितली. दाराशी खुर्चीत बसलेल्या मास्तरांची मान खाली गेली.

वकीलबाईंनी दोन्ही डाव्या बाह्या टाचलेला कोट अंगात घातला. आरशात पाहिलं. आणि खो खो हसत सुटल्या.

"काय झक्क! असा हात करून उलटतपासणी घेतली तर साक्षीदार भीतीनंच कबूल होईल. कुणी कापलाय?"

भिंगरी उभी राहिली. "मी. कापड भरून देते. माझ्या पगारातून—"

"ते कापडाचं बघू. अंग तुम्हीच कापलंत? एवढं नेमकं? आणि बाहीच्या वेळी काय झालं?"

"लक्ष गेलं."

"कुठे?"

भिंगरीनं काठाचं सांगितलं. वकीलबाई हसल्या नाहीत. जवळचं स्टूल ओढून बसल्या आणि विचारत गेल्या. वस्तू हरवतात? गॅस चालू राहतो? समोरच्याचं बोलणं संपायच्या आत तोंडातून उत्तर निघून जातं? आवडीचं काम असलं की जग बुडालं तरी कळत नाही, आणि नावडतं असलं की खुर्चीला काटे? आणि हे सगळं आत्ताचं नाही, कळायला लागल्यापासूनचं?

"तुम्हाला कसं माहीत?" भिंगरीचा आवाज बारीक झाला होता.

"मी एकदा भलत्याच अशिलाची फाइल घेऊन कोर्टात उभी राहिले होते, बाई. बोलत सुटले. न्यायाधीशांनी थांबवलं तेव्हा कळलं. जन्मभर स्वतःला शिव्या घातल्या. मग एका शहाण्या डॉक्टरनं सांगितलं की याला एडीएचडी म्हणतात. मेंदूची घडणच अशी असते, लक्षाचा लगाम आपल्या हाती राहत नाही. त्यावर उपचार असतात. माझे चालू आहेत."

"डोक्याचा डॉक्टर?" मास्तर खुर्चीतून कडाडले. "आमच्या घरात वेडं कुणी नाही! थोडं मन लावलं की सगळं जमतं. हिला मनच लावायचं नाही."

वकीलबाई त्यांच्याकडे वळल्या. "मास्तर, तुमचं मशीन टाके सोडायला लागलं तर त्याला आळशी म्हणता?"

"मशीनला कशाला काही म्हणू? दोऱ्याचा ताण बघतो, सुई बघतो."

"मग पोरीचं का नाही बघितलं?"

 मास्तर उठून मागच्या खोलीत गेले, चष्मा खुर्चीवरच विसरून.

घरात त्यावर हसायची पद्धत होती. मास्तर सदऱ्याची बटणं खालीवर लावायचे, गिऱ्हाइकाला उद्या या म्हणून स्वतः परवा यायचे, अर्धा चहा कुठेतरी ठेवायचे आणि दुसरा मागायचे. लोक कौतुकानं म्हणायचे, कलावंत माणूस, लहरी असायचाच. तेच भिंगरीनं केलं की ती वेंधळी. पुरुषाची लहर आणि बाईचा वेंधळेपणा यांत नेमका फरक काय, हे त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या-आमच्या घरात तरी कुणी विचारतं का?

भिंगरी डॉक्टरकडे गेली. सोबत कोण गेलं, तर वहिनी! "मला मेलीला त्या बाह्यांमुळे झोप येईना," एवढंच म्हणाली. डॉक्टर तरुण होत्या, शांत. त्यांनी झोपेचं विचारलं, मन उदास असतं का ते विचारलं, थायरॉईडची तपासणी करायला सांगितली, कारण लक्ष न लागण्याला कारणं अनेक असतात. मग म्हणाल्या, "एडीएचडी असेल तर ती लहानपणापासून असते. तुम्हाला लहानपणी पाहिलेलं कुणी येऊ शकेल का?"

दादा तिच्याहून थोडाच मोठा, त्याला काय आठवणार! आई नव्हती. उरले मास्तर.

"मी यायचा नाही," मास्तर म्हणाले. "लहानपणी सगळीच पोरं नाचतात."

भिंगरीनं पुन्हा विचारलं. मास्तरांनी वर्तमानपत्र वर केलं. वहिनीनं जेवताना विषय काढला, मास्तर अर्ध्या ताटावरून उठले. दादा बरा झाला, कात्री त्याच्याकडे गेली, उजवी बाही त्यानं नव्यानं कापली. वकीलबाई कोट घेऊन गेल्या. जाताना भिंगरीला म्हणाल्या, "माझा पुढचा कोट तुम्हीच कापायचा." भिंगरीनं मान हलवली आणि कात्रीकडे पाहिलंही नाही. बोट फिरवायचंही सोडलं होतं तिनं आता.

एका दुपारी दुकानात दोघंच होती. मशीन बंद होतं. भिंगरी काज करता करता थांबली.

"बाबा, मला कात्री नको."

मास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"खरंच नको. दादा छान कापतो. मला फक्त एवढंच कळायला हवंय, की मी हे मुद्दाम करते का? तुम्ही म्हणता मन लाव. मी लावते हो, बाबा. दात-ओठ खाऊन लावते. रोज सकाळी ठरवते, आज एकही चूक नाही. आणि संध्याकाळी... मी वाईट आहे का, की मला काही झालंय, एवढं तरी कुणी सांगेल का?"

 मास्तरांचा अंगठा वर्तमानपत्राची कड दुमडत राहिला. मग म्हणाले, "कधी जायचंय?"

डॉक्टरांच्या खोलीत तिघं बसली. भिंगरी, वहिनी आणि मधे मास्तर, बटणं खालीवर लावलेले. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मोठा वाटत होता. डॉक्टर एकेक विचारत गेल्या. शाळेत जागेवरून उठायची का? उठायची. वस्तू हरवायची का? हरवायची, एकदा एकच चप्पल घालून घरी आली. सांगितलेलं काम अर्ध्यात सोडायची का? मास्तर आधी तुटक बोलत होते. मग बांध फुटल्यासारखं बोलायला लागले. अंकगणितात हुशार, पण उत्तर लिहायचंच विसरायची. शाळेत गुरुजींनी छडी मारली की ती रडायची, आणि रडता रडता खिडकीतली चिमणी बघून हसायची. वाण्याच्या दुकानात पाठवलं की काय आणायचं तेच रस्त्यात विसरायची, मग घरी यायला घाबरून कोपऱ्यावर उभी राहायची...

"कोपऱ्यावर?" भिंगरी चमकली. "कोपऱ्यावर मी कधी उभी नव्हते, बाबा. मी सरळ घरी यायचे. आई हसायची."

मास्तर सदऱ्याचं बटण चाचपत राहिले.

थायरॉईडचा अहवाल ठीक होता; डॉक्टरांनी समजावलं, ही एडीएचडीच. यात आळस नाही, बुद्धीही कमी नाही. काहींना औषधानं बराच फरक पडतो, काहींना सवयी लावून देणाऱ्या समुपदेशनानं, पुष्कळांना दोन्हींनी. घरच्यांनी काम तोडून लहान करून दिलं, चूक व्हायच्या जागी खूण ठेवली, तर निम्मं ओझं उतरतं. शेवटी त्यांनी सहज विचारलं, "हे बरेचदा घराण्यात चालत येतं. घरात आणखी कुणाला असा त्रास?"

वहिनी फरशीकडे बघू लागली. तिला माहीत होतं. भिंगरीलाही आत्ता, या क्षणी, लख्ख कळलं. पण बोलायचं कुणी?

मंडळी, ही जी गप्प राहण्याची जागा असते ना, ती प्रत्येक घरात असते. तिच्याभोवती आपण पदर सावरून, जपून चालतो. मूल धडपडलं की त्याला आळशी म्हणतो, हट्टी म्हणतो, आणि तेच आपल्यात दिसलं की हसून सोडून देतो. डोक्याच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे घराला बट्टा, असं मानून माणसं आयुष्यभर स्वतःवर दात-ओठ खात राहतात. ताप आला तर आपण वैद्य बोलावतो की तापाला रागावतो? जिथं मदत मिळते तिथं मदत मागावी, आणि लवकर मागावी. एवढं साधं कळायला एका घराला दोन पिढ्या लागल्या!

"मला," मास्तर म्हणाले.

आवाज इतका खालचा होता, की डॉक्टर पुढे झुकल्या.

"मला आहे असं. कोपऱ्यावर मी उभा राहायचो. माझा बाप मारायचा." त्यांनी भिंगरीकडे पाहिलं नाही, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "चष्मा लावला की नीट दिसतं मला. डोळ्यांचं ते निमित्त. तुझी आई गेल्यावर मला कापताच येईना. उजवं-डावं चुकायला लागलं. दोन्ही बाह्या डाव्या मीही कापल्यात पोरी, लग्न व्हायच्या आधी, किती तरी वेळा. तुझ्या आईनं ते ओळखलं. कधी कुणाला बोलली नाही. नुसती शेजारी उभी राहायची आणि उलटी बाजू मला कळावी म्हणून फुली मारायची. मास्तर मास्तर म्हणतात ते मी नव्हतोच. ते आम्ही दोघं होतो."

वहिनीनं पदरानं डोळे टिपले.

"तुझ्यात मला मी दिसायचो," मास्तर म्हणाले, "आणि ते मला बघवायचं नाही. म्हणून मी तुझी कात्री काढून घेतली. तुला फुली मारून द्यायची होती गं, ते सोडून मी कात्रीच काढून घेतली. तू मुद्दाम करत नव्हतीस. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. हा नाही, तो नाही, दोन्ही खिसे उलटे केले. शेवटी खडूचा एक झिजलेला तुकडा सापडला, आईच्या वेळचा असावा. तो त्यांनी मुठीत घट्ट धरला.

"वकीलबाईंचा पुढचा कोट तू काप. फुली मी मारतो." मग डॉक्टरांकडे वळून, जन्मात कधी कुणाकडे काही न मागितलेला तो माणूस म्हणाला, "आणि डॉक्टर, माझंही नाव लिहून घ्या. मलाही मदत हवीय."