चाळीस फूट पाण्याखालचा बांध

आमच्या गार्डसाहेबांनी रिटायर झाल्यावर होडी घेतली. लोकांचे नवरे रिटायर झाले की शेळी घेतात, नाहीतर भजनाला जायला लागतात. आमचं सगळं जगावेगळं. तीस वर्षं इगतपुरीहून घाट उतरणाऱ्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागं बघत गेलेला माणूस, आणि त्र्याऐंशी साली मला म्हणतो कसा, पोरी आपापल्या घरी गेल्या, आता आपण दोघं धरणाच्या किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरत राहू. मी विचारलं, डोकंबिकं फिरलंय का तुमचं? तर हो म्हणाले. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

होडी शिडाची होती. मुंबईच्या कोण्या साहेबानं शौकाला आणलेली. साहेबाची कंबर धरली आणि होडी आमच्या नशिबी आली. अठरा फूट लांब, मध्ये खुराड्याएवढी खोली. तिच्यात आडवं पडता येतं, बसता येत नाही. शीड जागोजाग फाटलेलं, त्याला ह्यांनी माझ्या लुगड्यांची ठिगळं लावली, तीही मला न विचारता. माझं हिरवं लुगडं वर फडफडताना बघून काठावरच्या बाया हाका मारायच्या, चांगुणाबाई, वाळत घातलेलं काढून घ्या, आभाळ आलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

होडी थांबवायला एक लोखंडी नांगर होता. तो गार्डसाहेबांनी पहिल्याच महिन्यात मोठ्या ऐटीत पाण्यात फेकला. दोर बांधायचा राहिला होता. तेव्हापासून माझा दगडी पाटा दोराला बांधून नांगराच्या कामाला लावला. म्हणजे होडी थांबलेली असली की चटणी बंद, आणि चटणी पाहिजे असेल तर होडी वाहवत जायची. असली मेहनतीची चटणी इगतपुरी तालुक्यात दुसरी कोणी वाटली नसेल.

आणि ह्यांचं टाइमटेबल! सकाळी सहा चाळीसला काठ सोडायचा. हे मागं सुकाणू धरून बसणार, शिटी फुंकणार, हिरवं निशाण दाखवणार. निशाण बघायला मी एकटी, नाहीतर एखादी म्हैस. वारा नसला तर होडी तिथल्या तिथं डुलत राहायची आणि हे वहीत लिहायचे, वारा चार तास लेट. कधी वारा भलतीकडंच न्यायचा. मग निघालो बाजाराच्या गावाला आणि पोचलो स्मशानाच्या घाटावर, असंही झालेलं आहे. हे तिथंही वेळ लिहून ठेवायचे.

पण खोटं कशाला बोलू, मला ते बरं वाटायला लागलं होतं. पावसाळ्याचे चार महिने घरी आणि बाकी आठ महिने पाण्यावर. काठाच्या गावांतून लोक निरोप द्यायचे, अमकीला सांगा सून बाळंत झाली, तमक्याला सांगा बैल सापडला. कोणी तांदूळ द्यायचं, कोणी वांगी. रेल्वे कॉलनीत भिंतीला भिंत लावून तीस वर्षं काढली, तिथं एवढी माणसं जोडली गेली नव्हती.

आता माहेरचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच झालं.

माझं माहेर सावरखुट. एकाहत्तर साली ते ह्याच धरणात गेलं. माझा बाप पुंजा आणि चुलता जयराम, दोघांची घरं वावरातच, शेजारी-शेजारी, मध्ये एक बांध. त्या बांधावरून दोघा भावांचं वीस वर्षं उभं वैर. बाप म्हणायचा, जयरामानं बांध हातभर इकडं सरकवला. चुलता म्हणायचा, पुंजानं हातभर तिकडं सरकवला. शेवटी सरकारनं दोघांच्या वावरावर चाळीस फूट पाणी आणून उभं केलं, तरी दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. बाप घोटीला भाड्याच्या खोलीत गेला, चुलता धरणाच्या पलीकडच्या काठाला, आणि दोघं तसेच वारले. मला भाऊ नाही. घोटीची खोलीही गेली.

बाईच्या हातात एक हत्यार असतं. नवरा फारच चढला की म्हणायचं, मी चालले माहेरी. माझं हत्यार एकाहत्तरपासून पाण्याखाली. होडीवरच्या पहिल्या हिवाळ्यात आमचं चहातल्या साखरेवरून वाजलं आणि जुन्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, मी चालले माहेरी. बोलून गेले आणि मग लक्षात आलं, जायचं कुठं? हे उठले, पाटा वर ओढला, शिटी फुंकली आणि होडी धरणाच्या मध्याकडं वळवली.

माहेरी आमच्या ओट्यावर बसलं की समोर डोंगरातली खिंड दिसायची आणि तिच्या बरोबर मधोमध म्हसोबाचा शेंदरी दगड. हे मी लग्न झाल्यावर ह्यांना कधीतरी सांगितलं असेल. ह्यांनी ते लक्षात ठेवलं होतं. खिंड आणि दगड एका रेषेत येईस्तोवर होडी पुढं-मागं करत राहिले, मग म्हणाले, सिग्नल जुळले, आणि पाटा सोडला.

"आलं तुझं माहेर. बस आता पाहिजे तेवढा वेळ."

मी बसले आणि पोटभर रडले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! बारा वर्षांत कोणी मला माहेरी पोचवलं नव्हतं.

पण हे गार्डसाहेब. मी डोळे पुसतेय तोवर हे पाय लांब करून बसले आणि म्हणाले, सासुरवाडीला आलोय, जावयाचं काही बघा की. मी म्हटलं, मी रुसून आलेय. तर म्हणाले, ते तुझं तू बघ, पण जावई दारात आल्यावर त्यानं पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतः घ्यायचा नसतो. माहेरचं म्हणून तिथं दुसरं होतंच कोण? मीच. म्हणजे ज्याच्यावर रुसून आले त्यालाच हलत्या होडीत, रॉकेलच्या स्टोवर, पाटा पाण्यात म्हणून पुरण तांब्यानं रगडून, पुरणपोळी करून घातली. वर ह्यांनी तूप कमी पडलं म्हणून सासुरवाडीला नावं ठेवली. तरी पुढं महिन्यातून दोनदा मी रुसायला लागले.

असं दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी लाकडी डोंगा वल्हवत सिंधू आली. सिंधू म्हणजे जयरामचुलत्याची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. तिचा नवरा नाथा धरणात मासे धरायचा, तोही डोंग्यात मागं बसलेला. पंधरा वर्षांनी आम्ही एकमेकींचं तोंड बघत होतो. मला वाटलं, आता बिचारी गळ्यात पडणार. ती कमरेवर हात ठेवून डोंग्यात उभी राहिली.

"आक्का, होडी काढ. आमच्या वावरात हाय."

मी म्हटलं, डोळे फुटले का गं तुझे? हा आमचा ओटा आहे. ती म्हणाली, ओटा नाही, आमचं खळं आहे, आणि तुझा पाटा आमच्या खळ्यात पडलाय. खाली चाळीस फूट पाणी, वर आम्ही दोघी, आणि बांध कुठं त्याच्यावरून अशा भांडलो की काठावरचे लोक जेवण सोडून बघायला आले. नाथानं आणि ह्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मग हे हळूच डोंग्यात उतरले आणि दोघं विडी ओढत बसले.

दुसऱ्या दिवशी मी डालड्याचे रिकामे डबे दोरीला बांधून, दोरीला खाली दगड लावून, बापाच्या हद्दीवर तरंगते सोडले. तिसऱ्या दिवशी डबे वीस हात माझ्याकडं सरकलेले. मी ते चाळीस हात तिच्याकडं सरकवले. नाथानं डब्यांच्या अलीकडं जाळं टाकलं तर मी सांगितलं, ह्यातले मासे माझ्या बापाच्या वावरातले आहेत, अर्धे इकडं काढा. नाथा गरीब माणूस, देऊ लागला. सिंधूनं त्याच्या हातातून टोपली ओढली. ह्यांनी तलाठ्याकडून नकाशा आणायची गोष्ट काढली. मी म्हटलं, कागद घेऊनच दोघींचे बाप भांडले, आता तुम्ही नवीन घोळ घालू नका.

तुम्ही हसाल. हसा. वावर मला परत मिळणार नव्हतं, हे कळण्याइतकी अक्कल मला होती. मला एवढंच पाहिजे होतं, की मी डोळे मिटून जिथं बसते ते माझ्या बापाचंच दार असावं, दुसऱ्या कोणाचं नाही. सिंधू म्हणत होती ते खरं असलं, तर दोन वर्षं मी परक्याच्या खळ्यात बसून रडत होते. ते मला सोसत नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पाणी उतरायला लागलं. दोन पावसाळे कमी झाले होते. रोज काठ पुढं-पुढं येत होता आणि मी रोज ह्यांच्या मागं लागत होते, चला, सावरखुटवर जाऊन थांबू, बांध वर येईल तेव्हा मी तिथं पाहिजे. खाली शेवाळलेला दगड दिसला तरी मी ओरडायचे, बांध! आणि तो नुसता दगड असायचा. वैशाखात एके दिवशी होडी गाळात बसली आणि एका बाजूला कलली. मी लुगडं खोचून खाली उतरले.

काहीच नव्हतं. ओटा नाही, चूल नाही, आंब्याचं खोडसुद्धा नाही. बांध तर नाहीच नाही. पाण्यानं सोळा वर्षांत सगळं सारवून काढल्यासारखं सपाट केलं होतं आणि वर उन्हानं भेगा पाडल्या होत्या. खिंड होती, म्हसोबाचा दगड होता. पण पाच पावलं इकडं उभी राहिले तरी दोन्ही एका रेषेत, आणि वीस पावलं तिकडं गेले तरी एका रेषेत.

पलीकडून सिंधू चालत येत होती. भांडायच्या तयारीनंच आली होती, पदर खोचलेला. जवळ आली, तोंड उघडलं, आणि इकडंतिकडं बघून तसंच मिटलं. गोल-गोल फिरली. एका जागी बसून हातानं गाळ उकरला, खाली आणखी गाळ. मग वर बघितलं माझ्याकडं. लहानपणी बाजारात हरवली होती तेव्हाचंच तोंड.

ती उठली, वीस पावलं आपल्या काठाकडं मागं गेली आणि टाचेनं रेघ ओढली.

"बांध हितून जायचा, आक्का."

 तिच्याच जुन्या हिशेबानं, तिथून बांध धरला तर तिच्या बापाचं निम्मं घर आमच्या वावरात येत होतं. मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस, आणि वीस पावलं माझ्या बाजूला मागं जाऊन मीही रेघ ओढली. सांगितलं, बांध हा इथं होता, मी मोठी आहे, मला जास्त आठवतं. ती म्हणाली, तू लग्न होऊन आधी गेलीस, तुला काय आठवणार? परत आमचं जुंपलं. पहिल्यापेक्षा जोरात.

"तुझ्या बापानं हातभर कधी सोडलं नाही, आणि तू वीस पावलं सोडतेस?"

"त्यानं सोडलं नाय म्हणूनच सोडते. घे गुमान."

मी काही घेतलं नाही. माझा बापही सोडणाऱ्यातला नव्हता, मग मी का मागं राहू? दोघीही हट्टाला पेटलो. नवऱ्यांना दगड वाहायला लावले. तिनं तिच्या रेघेवर दगड मांडले, मी माझ्या. ह्यांनी मध्येच विचारलं, की दोन बांध कसे असतील? दोघींनी मिळून त्यांना गप्प केलं. संध्याकाळपर्यंत दोन बांध उभे राहिले आणि मध्ये चाळीस पावलांचा पट्टा मोकळा सुटला. त्या पट्ट्यात आम्ही दोघी दमून बसलो. मग सिंधू रडली, मी रडले, आणि आमच्या बापांना आम्ही दोघींनी मिळून सणसणीत शिव्या दिल्या.

त्या पावसात धरण भरलं. बांध गेले खाली. दिवाळीनंतर आमची होडी परत पाण्यावर आली, आणि आता मी रुसले की हे मला थेट त्या पट्ट्यावर आणून सोडतात. डोंगा घेऊन सिंधूही येते. जागा कोणाची ते अजून ठरलेलं नाही. ती म्हणते, आक्का, ही तुझी. मी म्हणते, तुझी. म्हणजे मी आलेली असते सिंधूच्या घरी आणि सिंधू आलेली असते माझ्या घरी. दोघी माहेरवाशिणी. माहेरवाशिणीनं कामाला हात लावायचा नसतो, म्हणून चहा दोघींचे नवरे करतात. फार वाईट करतात. आम्ही दोन-दोन कप पितो.