जबड्यात बसलेली पिपाणी

मी बदकांना बोलवायची एक जुनी पिपाणी आहे आणि मित्रांनो, माझा आवाज ऐकून माघारी गेलेलं बदक अजून जन्माला यायचंय! असं माझ्या गळ्यातल्या चिठ्ठीवर छापलं होतं. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने मला फुंकून बघितलं, तर दुकानातलं कुत्रं बाकाखाली जाऊन मुतलं.

अमेरिकेत, आर्कान्सा राज्यातल्या भातशेतीच्या एका गावात, लुरलीनबाईंच्या दुकानामागे माझा जन्म झाला. पिवळ्या, चिवट लाकडाचा तुकडा त्यांनी लेथवर चढवला, माझं पोट आरपार पोखरलं आणि आत फुंकलं की थरथरून वाजणारी एक पातळ पत्ती बसवली. फळीवर माझ्या शेजारी रानहंसांची लांब पिपाणी होती. भारी ऐटबाज. तिला एका पाद्र्याने विकत घेतलं, पँटच्या मागच्या खिशात ठेवलं आणि प्रवचन संपवून तो तिच्यावर धपकन बसला. तिची गोष्ट इथेच संपली.

मला घेतलं व्हर्लन टॅकेटने. हा माणूस सगळ्या घराचा हमाल होता. त्याचे सासरे पर्विस यांच्या मालकीचं एक ओकचं रान होतं, थंडीत कमरेपर्यंत पाण्यात बुडणारं. त्या रानात एक जाडजूड ओक होता. बदकांच्या शिकारीला जो त्या झाडाला बिलगून उभा राहील त्यानेच पिपाणी वाजवायची. बाकीच्यांनी तोंड मिटून पायाने पाणी ढवळत राहायचं, म्हणजे पाण्यावर सोडलेली नकली बदकं हलतात आणि जिवंत वाटतात. त्या वर्षी पर्विस म्हाताऱ्याचा दम संपला होता. झाड आता एक तर त्यांच्या मुलाला, हॉइटला मिळणार होतं, नाही तर जावयाला. लग्न झाल्यापासून व्हर्लनने नकली बदकांचं पोतं वाहिलं होतं आणि सगळ्यांसाठी सॉसेजेस तळली होती. त्याला ते झाड हवं होतं. बायकोपेक्षाही जास्त हवं होतं, असं बायकोच म्हणायची.

"सगळ्यात मोठ्या आवाजाची द्या," तो दुकानात येऊन म्हणाला.

"ही स्पर्धेची आहे रे," लुरलीनबाई म्हणाल्या. "पडद्यामागे बसलेल्या परीक्षकांसाठी. खरं बदक स्पर्धेत उतरलं ना, तर शेवटचा नंबर येईल त्याचा. रानात झाडीमध्ये बारीक आवाज लागतो. ती बघ, दोन पत्त्यांची. गुणगुणते नुसती."

"बाई, आवाज मोठा तर बदकं जास्त. एवढं कळतं मला."

"मग घे की. मला काय, तू घेशील ते विकायचंय."

घरी त्याने आठवडाभर मला वाजवलं. बायको मॉडीन म्हणाली, "घटस्फोट घेईन. आणि कुत्रा मी नेणार." कुत्रा, म्हणजे बस्टर, तिच्या बाजूचाच होता.

हंगामाच्या पहिल्या पहाटे, मॉडीन बापापाशी रडली म्हणून, म्हाताऱ्याने पहिली संधी जावयाला दिली. व्हर्लन झाडाला बिलगला आणि छाती फुगवून मला फुंकलं. मीही जीव तोडून ओरडले. वरून एक मोठा थवा चालला होता. तो हवेतच असा वळला, जणू कुणी त्याच्या अंगावर उकळतं पाणी ओतलंय.

"दाजी," हॉइट म्हणाला, "बदकं बोलवायची होती. तुम्ही गिरणीचा भोंगा वाजवलात. पलीकडच्या गावात लोक डबे उघडून बसले असतील."

"एकदाच आणखी, जावईबापू," म्हातारा म्हणाला. "मग पिपाणी हॉइटकडे आणि कढई तुमच्याकडे."

व्हर्लन घाबरला आणि त्याच्या तोंडातली तंबाखूची थुंकी माझ्यात उतरली आणि पत्ती चिकटली. पत्ती चिकटली की हवा उलटी, आत ओढायची, ही तिथली रीत. त्याने जोरात हवा आत ओढली, मग फुंकलं. माझ्यातून एक केविलवाणी गुरगुर निघाली. आणि मित्रांनो, हिरव्या डोक्याचा एक एकटाच नर फांद्यांमधून खाली यायला लागला. मीच त्याला म्हणत होते, ये, ये, इथे दाणे आहेत, मी आहे. तो बिचारा मान वाकडी करून माझ्याकडेच बघत होता. सगळ्या बंदुका एकदम उडाल्या.

तो सरळ व्हर्लनच्या डोक्यावर पडला. व्हर्लनचं तोंड खोडावर आपटलं आणि मी त्याच्या दोन्ही जबड्यांच्या मध्ये पाचरीसारखी घट्ट बसले. नाक फुटलेलं, म्हणून श्वास सगळा माझ्यातूनच. आत घेतला की कुटकुट, बाहेर सोडला की कुटकुट. बारीक, मऊ, अगदी पोटभर दाणे टिपणाऱ्या बदकांसारखं.

आणि बदकं आली! थव्यामागून थवे उतरायला लागले. मी आयुष्यात इतकं गोड कधी वाजले नव्हते.

हॉइटने मला उपसायला हात पुढे केला तसा म्हातारा खेकसला, "खबरदार हात लावलास तर! आधी सगळ्यांचा बदकांचा कोटा भरू दे."

व्हर्लनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हुंदक्यांनी माझा सूर आणखीच खुलला.

"वा, जावईबापू! अजून थोडं रडा!"

दुपारी डॉक्टरने मला चिमट्याने उपसलं आणि आधी विचारलं, "कुणाकडची आहे हो ही?" म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर झाड व्हर्लनला देऊन टाकलं. त्या वर्षी पोतं हॉइटने वाहिलं. व्हर्लन मला रोज पुसायचा, पत्ती काढून वाळवायचा. मित्रांनो, तेवढंच एक वर्ष माझे लाड झाले.

पुढच्या हंगामाआधी लुरलीनबाईंनी दोन पत्त्यांची ती मऊ पिपाणी पुन्हा त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती हातातही घेतली नाही. "जिने झाड मिळवून दिलं तिला टाकू?" मला भरून आलं. तेव्हाच मी तडकले असते तर बरं झालं असतं.

कारण पहिल्या पहाटे त्याने मला फुंकलं आणि मी पुन्हा भोंग्यासारखी बोंबलले. आभाळ रिकामं झालं. म्हाताऱ्याने नकली बदकाकडे बघावं तसं जावयाकडे बघितलं.

"दाजी," हॉइट हळूच म्हणाला, "गेल्या वर्षीसारखी बसवूया का परत?"

व्हर्लनने झाडाकडे बघितलं. मग पोत्याकडे बघितलं. आणि मला दातांत धरून स्वतःच मान पुढे केली.

हॉइटने होडीच्या वल्ह्याने ठोकलं. मी बसले नाही. व्हर्लनचे पुढचे दोन दात निखळले आणि मी त्यांच्यासकट पाण्यात गेले. बस्टरने बुडी मारून मला वर आणलं. म्हाताऱ्याने मला बाहेरून विजारीला पुसलं आणि हॉइटच्या हातात दिलं. व्हर्लन तोंडावर हात धरून पोतं उचलायला गेला.

मित्रांनो, पिपाणी जिथे वाजवायची ती जागा बघून निवडा. काम झालं की तिला कोरडी करा. आणि कृपा करून, दुसऱ्याची पिपाणी तोंडात घालण्याआधी आत डोकावून बघा.

हॉइटने बघितलं नाही. पत्ती चिकटली होती म्हणून त्याने रीतीप्रमाणे जोरात हवा आत ओढली. माझ्यात अडकलेला व्हर्लनचा एक दात हॉइटच्या घशात जाऊन बसला.