घोड्यावरून उतरलेला सेनापती

त्या नटाला सगळे ‘राजे’ म्हणत. पडद्यावर त्यानं इतके मुकुट घातले होते की खरं नाव घरच्यांखेरीज कुणी घेतच नसे. सेनापतीवरच्या चित्रपटाला राजे ‘हो’ म्हणाले तेव्हा दिग्दर्शिका हरखून गेली, आणि धास्तावलीही. सेनापती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चौकातला पुतळा यायचा: दोन पायांवर उभा राहिलेला घोडा, उगारलेली तलवार. तिनं वर्षानुवर्षं वाचलं होतं ते वेगळंच. ऐन थंडीतल्या शेवटच्या माघारीत त्यानं आपला घोडा जखमींसाठी देऊन टाकला होता. खिंड त्यानं पायी ओलांडली, तीही सगळ्यात मागे रखडणाऱ्यांबरोबर.

“लोक घोडा बघायला येणार,” निर्माता कुरकुरला. “तुम्ही त्यांना चिखल दाखवणार?”

“चिखलच होता.”

“असेल. पुतळ्याला कुठे लागलाय?”

शेवटी निर्णय राजेंवर सोपवायचं ठरलं.

एका सकाळी राजे थेट तिच्या घरी आले. तिच्या आईची नुसती धांदल उडाली. खुर्चीवरचे वाळलेले कपडे उचलता उचलता ती म्हणाली, “घोड्यावर काय रुबाबदार दिसता हो तुम्ही.”

“आई, या वेळी पायी चालेन म्हणतो. चालेल ना?”

“पायी? मग सेनापती कोण ते कळणार कसं?”

“ते कळवायचं काम माझं,” राजे हसले.

दिग्दर्शिकेचा जीव भांड्यात पडला. पण राजेंनी संहिता उघडली ती नेमकी खिंडीतल्या भाषणावर. हे भाषण म्हणजे तिचा जीव की प्राण. कितीदा तरी घासूनपुसून लिहिलेलं.

“सुरेख लिहिलंय. अंगावर काटा आला,” राजे म्हणाले. “पण तुम्ही मला जे जुने कागद वाचायला दिलेत त्यांत असं आहे की तेव्हा सेनापतीचा घसा पार बसला होता. हुकूमसुद्धा हातवारे करून द्यायचा. मग एवढं बोललं कोण?”

ती वरमली. “एक तरी भाषण हवं असतं लोकांना. तुमच्या आवाजासाठी तर येतात.” बोलता बोलता तिलाच जाणवलं, ही तर निर्मात्याची भाषा.

“भाषण गेलं तर माझं नुकसान सगळ्यात जास्त,” राजे म्हणाले. “तरी कापा असं मी म्हणत नाही, तुम्ही ठरवा. फक्त खोटं बोलायचं असेल तर आधी सांगा, म्हणजे मी तयारीत राहीन.”

ती काही दिवस धुमसली. राजेंवर, मग स्वतःवर. मग भाषण काढून टाकलं. निर्मात्यानं तिच्याशी बोलणंच सोडलं.

खिंडीचं चित्रीकरण सुरू झालं. राजे चिखल तुडवत रांगेच्या शेवटाकडे गेले. तिथे दगडावर बसून राहिलेल्या सैनिकाशी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. ते ओशाळवाणं हसले, खाली बसले, त्याचा बूट काढून आतला खडा झटकला आणि बूट परत पायात चढवला. सैनिक उठून चालू लागला.

“खडा कुठेच लिहिलेला नाही,” राजे नंतर तिला म्हणाले. “ठेवायचा?”

ती विचारात पडली. “ठेवू. भाषण तो करूच शकला नसता. हे करू शकला असता.”

झलक बाहेर पडली आणि लोक खवळले. आमच्या सेनापतीला चिखलात लोळवलं, म्हणाले. पत्रकार परिषदेत पहिलाच प्रश्न आला, “घोडा का गाळलात?”

दिग्दर्शिकेनं पुराव्यांची जुळवाजुळव सुरू केली. तेवढ्यात राजे शांतपणे म्हणाले, “घोडा होता. त्यानं तो दिला. देऊन टाकलेल्या घोड्यावर मी कसा बसू?”

मागून एकानं पुढचा प्रश्न विचारला, तो थंडीविषयी होता: तेव्हा सैनिकांच्या अंगावर पुरेसे कपडे होते का? राजेंनी माइक तिच्याकडे सरकवला. चित्रपट लागायला अजून अवकाश होता, चालेल की आपटेल कोण जाणे. पण कुणीतरी त्या माणसांच्या थंडीची चौकशी करत होतं. ती मन लावून सांगू लागली, आणि शेजारी राजे पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत राहिले.