लिंबाजीच्या वाटचे खडे

"एका दिसाच्या जत्रंला एवढं बोचकं? आख्खा संसार घिऊन निघालीस का काय, बाई!" शेजारच्या सीटवरची म्हातारी गुडघा चोळत पुटपुटली.

मालनबाईनं बोचकं मांडीवर ओढून घेतलं. एस.टी.त माणसावर माणूस रचलेलं. पलीकडं तिची सासू, धुरपदाबाई, खिडकीला डोकं टेकून डुलत होती. तिनं ऐकलं की काय, कळेना.

म्हातारी बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं. बोचक्यात मालनची होती नव्हती ती सगळी लुगडी होती. येरमाळ्याच्या जत्रेत तिचा भाऊ ज्ञानोबा भेटणार होता, आणि तिथनंच ती माहेरी, सोनारीला, कायमची जाणार होती. लोहाऱ्याला गाडीत बसल्यापासून सासूला हे सांगायचं चाललं होतं. दर थांब्याला वाटायचं, पुढच्या थांब्यावर सांगू.

दुष्काळात नवरा, लिंबाजी, ऊस तोडायला कारखान्यावर गेला. मागनं पाऊस आला, लिंबाजी काही आला नाही. तिकडं त्यानं दुसरी बाई केल्याचं गावाला ठाऊक होतं. मालन आडावर आली की बाया लगबगीनं ज्वारीचं बोलायला लागायच्या. सासूपुढं तर कुणी ज्वारीचंही बोलत नव्हतं; तिला अजून यातलं काही ठाऊक नाही, असंच मालन धरून होती.

येरमाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चैत्राचं ऊन, कुंकवानं माखलेली कपाळं, 'आई राजा उदं उदं'चा गजर. चुन्याच्या रानात लाखभर माणूस वाकून चुनखडी वेचत होतं. देवीची पालखी यायच्या आत ज्यानं त्यानं वेचलेले खडे एका ढिगावर पडायला पाहिजेत. धुरपदाबाईच्या घरची रीत अशी, की घरातल्या एकेकाचं नाव घेऊन पाच-पाच खडे टाकायचे.

मालन वेचत होती आणि सारखी चिंचेकडं बघत होती. ज्ञानोबानं तीच खूण सांगितलेली. फेटा दिसला की काळीज उडायचं. जवळ आला की कुणी परकाच निघायचा.

"खाली बघ की गं! उंटावानी मान काय वर करतीस?"

"ऊन लई हाय, आत्याबाई."

"मग वर बघितल्यानं कमी हुतंय व्हय?"

तेवढ्यात चिंचेखाली ज्ञानोबा दिसला. त्यानं हात केला. मालननं एक पाऊल टाकलं, अन् नेमका मागनं रेटा आला. सासू धडपडली. मालननं तिला कंबरेला धरलं, आणि धरलेला हात काही सोडवेना. सांगावं तर हिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. न सांगावं तर भाऊ किती उभा राहणार?

ढिगापाशी धुरपदाबाईनं स्वतःचं नाव घेतलं, खडे टाकले. मालनचं घेतलं, टाकले. तिसऱ्यांदा मूठ भरली आणि तशीच राहिली.

"त्यांचं राहिलं की, आत्याबाई," मालन घाईनं म्हणाली. नवऱ्याच्या नावाचे खडे टाकायची इतक्या वर्षांची सवय.

म्हातारीनं मूठ उघडली नाही. "भाऊ उन्हात उभा हाय तुझा," ती म्हणाली. "कवाधरनं बघतीया मी."

मालननं चिंचेकडं वळलेली मान झटकन खाली घातली.

"लिंबाजीनं दुसरी केली. पोरगं बी झालंय तिला. माझा ल्योक हाय, त्याचे खडे माझे मी टाकीन. पर तुझा नवरा न्हाय त्यो आता, मालन."